पंचावन्न टक्के चेहरा

माझी भाची बार्शीची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस मुलाखती सुरू होण्याआधी कॉलेजनं एका प्रशिक्षण संस्थेला बोलावलं. संस्थेनं तीन दिवसांचा वर्ग घेतला, मग पाच परीक्षकांसमोर सगळ्या मुलांची व्हिडिओ कॉलवर सराव मुलाखत घेतली आणि प्रत्येकाच्या हातात एक शेरापत्रक ठेवलं. भाचीच्या पत्रकावर होतं: उत्तरं उशिरा देते. नजर भिडवत नाही. आत्मविश्वास कमी. उच्चार प्रादेशिक. एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स नाही. दहापैकी चार. तिनं काय उत्तरं दिली, बरोबर दिली की चूक, याला त्या कागदावर रकानाच नव्हता.

"मावशी, माझ्यात प्रेझेन्सच नाही म्हणे," ती फोनवर म्हणाली. हसत म्हणाली, पण ते हसणं मला ओळखू येतं.

तिच्याकडून मुलाखतीचं रेकॉर्डिंग मागवलं. मी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते, त्यामुळे बघण्याआधी डोळे मिटून ऐकलं. सगळ्यात आधी ऐकू आला तो पत्र्यावरचा पाऊस. मग शहाबादी फरशीच्या मोकळ्या खोलीत उठतो तसला घुमारा. मग भाचीचा आवाज, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, शब्दांची शेपटं तुटलेली. भावाचे पांढरे ब्लूटूथ इअरबड तिनं मुद्दाम मागून घेतले होते, छाप पडावी म्हणून. आणि प्रत्येक प्रश्नानंतर सेकंद-दीड सेकंदाची पोकळी. पत्रकातला 'उशीर' तो हाच. गंमत अशी, की 'तुझं नाव सांग' या पहिल्या प्रश्नानंतरही पोकळी तेवढीच होती. स्वतःचं नाव आठवायला कुणाला दीड सेकंद लागत नाही. तो वेळ नेटवर्कनं खाल्ला होता आणि बिल भाचीच्या नावावर फाडलं गेलं होतं.

हा लेख त्या बिलाविरुद्ध आहे. व्हिडिओ कॉलवर छाप कशी पाडावी, हे शिकवण्याचा एक मोठा धंदा २०२० च्या टाळेबंदीपासून उभा राहिला आहे. त्याचं मुख्य सूत्र असं: काय बोलता याला किंमत थोडी, कसे दिसता, कसे बसता, किती हसता, लेन्सकडे किती वेळ बघता, यावर सगळं ठरतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. कॉलवर ज्याला आपण स्वभावाचा दोष म्हणतो, तो बहुतेक वेळा माईकचा, खोलीचा आणि तारेतल्या विलंबाचा दोष असतो. उरतो त्यातला बराचसा ऐकणाऱ्याचा. तो सोडून माणसाला चेहरा सुधारायला लावणं म्हणजे गळक्या घरात रांगोळीचा वर्ग घेणं.

आधी या धंद्याचं श्रुतिवचन पाहू. भाचीच्या वर्गातही ते पडद्यावर झळकलं: शब्द ७ टक्के, आवाजाचा सूर ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन अभ्यासांची बेरीज करून ते निघाले. त्या अभ्यासांत कुणी भाषण केलं नव्हतं, कुणी मुलाखत दिली नव्हती, प्रकल्पही समजावून सांगितला नव्हता. ध्वनिमुद्रित केलेले सुटे शब्द होते, 'थँक्स', 'टेरिबल', 'मेबी' असले, वेगवेगळ्या सुरांत उच्चारलेले. दुसऱ्या अभ्यासात एकच शब्द, 'मेबी', आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं. प्रश्न होता: बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ताडतो? शब्द गोड आणि सूर कडू असला, की माणसं सुरावर विश्वास ठेवतात, एवढंच त्यातून निघालं, आणि ते आपल्या कुठल्याही सासुरवाशिणीनं प्रयोगशाळेत न जाता सांगितलं असतं. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे समीकरण लावू नका, असं स्वतः मेहराबियन सांगत आले. बरं, ते ५५ टक्केही देहबोलीचे नाहीत. खांदे, हात, पाठीचा कणा, यांचा त्यात पत्ताच नाही. ते फक्त चेहऱ्याचे आहेत, तेही स्थिर छायाचित्रातल्या.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी यंदा अर्थसंकल्पाचं भाषण दूरदर्शनवर आवाज बंद करून बघावं आणि कुठला कर किती वाढला ते चेहऱ्यावरून सांगावं. पंचावन्न टक्के नको, पाच टक्के सांगितलं तरी मी ऐकीन.

आता आवाजाकडे येते, कारण खरी मेख तिथं आहे. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ या दोन संशोधकांनी २०१८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञांची तीच व्याख्यानं, तेच शब्द, फक्त एका गटाला आवाज स्वच्छ आणि दुसऱ्याला बिघडवलेला. बिघडलेला आवाज ऐकणाऱ्यांना तो शास्त्रज्ञ कमी हुशार वाटला, कमी आवडला, आणि त्याचं संशोधनही कमी महत्त्वाचं वाटलं. अलीकडे, २०२५ मध्ये, येल विद्यापीठात ब्रायन शॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट थेट नोकरीच्या संदर्भात तपासली. तोच मजकूर, तोच आवाज. एकदा भरीव, एकदा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. डब्यातला माणूस लोकांना नोकरी देण्याजोगा कमी वाटला, विश्वासार्ह कमी वाटला, बुद्धिमानही कमी वाटला. शॉल यांना हा प्रश्न सुचला तो महासाथीच्या काळातल्या विभागाच्या एका ऑनलाइन बैठकीत. ज्या सहकाऱ्याशी त्यांचं नेहमी पटतं त्याचा माईक भंगार होता, ज्याच्याशी पटत नाही त्याचा उत्तम. आणि आपण नकळत दुसऱ्याच्या बाजूला झुकतोय, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. येलचा प्राध्यापक जिथं फसतो, तिथं सराव मुलाखतीच्या परीक्षकाला मी मोठा दोष देत नाही. दोष देते तो एवढाच, की त्यांना हा विषय शिकवायचा असतो.

हे का घडतं याची तांत्रिक बाजू काही गहन नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जायचा. स्वरांना तेवढं पुरतं. पण 'स' आणि 'फ' यांतला फरक बऱ्याच अंशी त्याच्या वरच्या पट्ट्यात असतो. म्हणून फोनवर 'सार' आणि 'फार', 'सळी' आणि 'फळी' एकसारखे वाटतात, आणि 'सात' की 'साठ' हे तर आपल्या पतसंस्थांच्या कारकुनांना आजही 'सहा शून्य का?' असं विचारून घ्यावं लागतं. इंटरनेटवरच्या कॉलला हा पट्टा बराच रुंद मिळू शकतो. पण ब्लूटूथ इअरबडचा माईक सुरू झाला, की अनेकदा ते यंत्र गाणी ऐकण्याची वाट सोडून जुन्या, अरुंद, फोनकॉलच्या वाटेला लागतं. गाणं सुरेल ऐकू येतं म्हणून बोलणंही सुरेल जात असेल, असं भाचीला वाटलं होतं. आपल्याला आपला आवाज पलीकडे कसा पोचतो हे कधीच ऐकू येत नाही, हा या माध्यमाचा मोठा खोडसाळपणा.

दुसरी गोष्ट अंतराची. आकाशवाणीत पहिल्या दिवशी शिकवतात ती वीत. तोंड आणि माईक यांत वीतभर अंतर, आणि माईक किंचित तिरपा, म्हणजे 'फ' आणि 'भ' ची फुंकर थेट त्यावर बसत नाही. अंतर दुप्पट झालं, की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलनं पडतो. पंधरा सेंटिमीटरवरून साठवर गेलात, म्हणजे मांडीवरच्या लॅपटॉपच्या माईकवर विसंबलात, की बारा डेसिबल गेले. खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. मग पलीकडे पोचते ती तुमच्या आवाजाची नव्हे, तुमच्या भिंतींची मुलाखत. वर सॉफ्टवेअर आपल्या परीनं मदतीला धावतं: हळू बोललेलं चढवतं, मोठ्यानं बोललेलं दाबतं, पाऊस पुसायला जातं आणि त्यासोबत व्यंजनंही पुसतं. 'आवाजात चढउतार आणा' असं शिकवणाऱ्यांना हे ठाऊक असतं का, मला शंका आहे. भाचीनं तसे चढउतार आणलेही होते. यंत्रानं ते इस्त्री करून सपाट पाठवले.

विलंबाचं प्रकरण याहून वाईट आहे, कारण तो कुणाला दिसत नाही. माणसं आळीपाळीनं बोलतात तेव्हा दोन पाळ्यांमधली फट किती असते, हे २००९ साली दहा भाषांत मोजलं गेलं. जपानी, डॅनिश, लाओ, कोरियन अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा. सरासरी फट साधारण एक-पंचमांश सेकंद. त्या दहांत मराठी नव्हती. आमच्या पारावर मोजली असती तर फट उणे निघाली असती, असा माझा अंदाज. असो. हा ताल आपण जन्मभर पाळतो आणि पाळतो हे कळतही नाही. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड यांच्या चमूनं मोजलं तेव्हा समोरासमोर १३५ मिलिसेकंद असलेली फट झूमवर ४८७ वर गेली. चांगलं नेटवर्क असताना. म्हणून तर कॉलवर दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, 'तुम्ही बोला', 'नाही नाही, तुम्ही बोला' असा लग्नाच्या पंगतीतला आग्रह होतो आणि ताट तसंच राहतं.

फट लांबली की ऐकणारा काय म्हणतो? 'लाइन खराब दिसते' असं म्हणत नाही. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये संभाषणात मुद्दाम विलंब घातला. बोलणाऱ्यांनी त्याचं खापर यंत्रावर न फोडता पलीकडच्या माणसावर फोडलं: लक्ष देत नाही, आपुलकीनं बोलत नाही. त्या निबंधाचं शीर्षकच 'तुम्ही इतके संथ का?' अशा अर्थाचं आहे. भाचीच्या पत्रकातला पहिला शेरा वाचताना मला ते आठवलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सुरळीत चालतं, आणि ४०० च्या वर तो जाऊ नये. बार्शीच्या पावसाळ्यात, चौघांच्या घरात एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा आकडा कुठं जात असेल, ते ज्यांनी अनुभवलं त्यांना सांगायला नको.

यावर त्या वर्गात दिलेला उपाय ऐका: 'प्रश्न संपताक्षणी उत्तर द्या, मधे अं-अं करू नका.' या दोन्ही सूचना या माध्यमात घातक आहेत. विलंब असलेल्या लाइनवर प्रश्न संपताक्षणी बोललात, तर प्रश्नाचं उरलेलं शेपूट तुमच्या बोलण्याखाली चिरडतं. आणि 'अं'बद्दल मी कबुली देते, की रेडिओवर आम्ही त्याच्याशी उभा दावा मांडला होता. तिथं तो योग्य होता, कारण रेडिओ एकतर्फी आहे. कॉल दुतर्फी आहे. इथं एक छोटा 'अं, सांगते' पलीकडच्याला कळवतो, की लाइन जिवंत आहे, प्रश्न पोचला आहे आणि बाई विचार करते आहे. तो काढून टाकलात की उरते ती कोरी शांतता, आणि कोऱ्या शांततेत ऐकणारा स्वतःला हवं ते लिहितो.

आजी गोष्ट सांगताना आम्हाला हुंकारा द्यायला लावायची. 'हं' थांबला, की गोष्ट थांबली. पोवाड्यातल्या शाहिराच्या मागं झीलकरी 'जी जी र जी' म्हणतात, तेही नुसती सजावट म्हणून नाही. त्या आधारावर शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ उचलतो. कॉलवर आपण सगळ्यांना म्यूट करतो. जो म्यूट नाही त्याचा 'हं' सॉफ्टवेअर कचरा समजून झाडून टाकतं. मग मुलगी विहिरीत बोलल्यासारखी बोलत राहते, आपलं पोचतंय की नाही या धास्तीनं वेग वाढवते, वाक्यं अर्धवट सोडते, आणि आपण त्याला 'आत्मविश्वास कमी' म्हणतो. पाच परीक्षकांपैकी एकानं माईक उघडा ठेवून 'हां, बरं' एवढं म्हटलं असतं, तर चारचे सहा झाले असते. हुंकारा न देता शाहिराला गुण देणारी ही कसली परीक्षा?

नजरेचं थोडक्यात. 'सतत लेन्सकडे बघा' हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण लेन्सकडे बघताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणजे त्याला कळलं की नाही, तो कंटाळला की हसला, हे कळण्याचा उरलासुरला मार्गही आपण बंद करतो. तेवढं करून त्याला मिळतं काय, तर आपण त्याच्याकडे बघतोय असा भास. प्रत्यक्ष बैठकीत माणसं वहीत बघतात, चहाच्या कपात बघतात, खिडकीबाहेर बघतात. कॉलवर सगळे सगळ्यांकडे, वीतभरावरून, तासभर टक लावून असतात. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या शिणवट्याची चार कारणं मांडली, त्यांत हे एक. दुसरं, आपलाच चेहरा सतत समोर दिसणं. त्याच विद्यापीठाच्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत खूप किंवा अतिशय शीण जाणवणाऱ्या बाया १३.८ टक्के निघाल्या आणि पुरुष ५.५ टक्के, आणि फरकाचं मोठं कारण हा आरसाच. १०३ कर्मचाऱ्यांच्या चार आठवड्यांच्या दुसऱ्या एका प्रयोगात कॅमेरा चालू ठेवल्यानं शीण वाढला, तोही बायांना आणि नव्यानं रुजू झालेल्यांना जास्त. आता कॉलेजातून पहिल्यांदा मुलाखतीला बसलेल्या मुलीला 'स्वतःच्या खिडकीवर लक्ष ठेव, हसू टिकव' असं सांगणारा माणूस तिला मदत करतोय की तिच्या खांद्यावर आणखी एक पोतं देतोय?

उच्चारांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. 'प्रादेशिक' हा शेरा म्हणजे काय? जगातला कुठला उच्चार प्रदेशात जन्मलेला नाही? पुण्याच्या दोन-चार पेठांचा उच्चार एके काळी 'प्रमाण' झाला, तो हवामानामुळे नव्हे. छापखाने, शाळा आणि नंतर ध्वनिक्षेपक तिथल्या लोकांच्या हाती होते म्हणून. मीही त्या ध्वनिक्षेपकासमोर बसून सोलापुराकडचं 'काय करालाय' गिळायला शिकले, ते आज मला फारसं अभिमानाचं वाटत नाही. आता तर बोलणाऱ्याचा उच्चार बोलता बोलता बदलून देणारं सॉफ्टवेअर आलं आहे. टेलिपरफॉर्मन्स ही फ्रेंच कंपनी भारतातल्या आपल्या कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांसाठी ते वापरते, अशा बातम्या २०२५ मध्ये आल्या. भाचीचं इंग्रजी मी तीनदा ऐकलं. उच्चारामुळे एकही शब्द कळला नाही असं झालं नाही. जे शब्द हरवले ते इअरबडनं हरवले.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्या बहिणीनंच घेतला. "ताई, तू म्हणतेस ते खरं असेल. पण मुलाखत घेणारे तुझा लेख वाचून बसणार आहेत का? ते चेहरा बघूनच ठरवतात. मग पोरीला तेवढं शिकवलं तर काय बिघडलं?" बिघडलं हे, की ते चेहरा बघून ठरवतात असं आपण धरून चाललो आहोत, आणि येलचा प्रयोग सांगतो की आवाजाचा दर्जाही त्यांचं मत फिरवतो आणि त्यांना ते ठाऊक नसतं. म्हणजे व्यवहाराच्या तराजूतही तो वर्ग कमीच पडतो. तीन दिवस हसण्याचा सराव करून जे मिळालं नाही, ते कदाचित दोनशे रुपयांच्या तारेच्या इअरफोननं मिळालं असतं. शिवाय एक वेगळं नुकसान आहे, ते पत्रकात दिसत नाही. ज्या मुलीला वाटतं की लाइन खराब आहे, ती लाइन दुरुस्त करते. जिला वाटतं की आपण खराब आहोत, ती बोलायचंच कमी करते.

प्रशिक्षकांचं काहीच बरोबर नाही असं मी म्हणत नाही. उजेड समोरून हवा, पाठीमागून नको. फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवावा, नाहीतर समोरच्याला नाकपुड्या दिसतात. खरं आहे. पाच मिनिटांत सांगून होतं. त्यासाठी तीन दिवस आणि माणशी शुल्क लागत नाही.

मी भाचीला काय सांगितलं ते सांगते, कारण नुसती टीका करून पळणं मला आवडत नाही. तारेचा इअरफोन घे, त्याचा माईक हनुवटीखाली कपड्याला घासू देऊ नकोस. पत्र्याच्या खोलीऐवजी आतल्या, धान्याच्या पोत्यांच्या खोलीत बस. तिथं घुमत नाही. जमलं तर मागच्या भिंतीवर वाकळ टांग, समोरच्याला दिसली तर दिसू दे. घरातले बाकीचे फोन तासभर नेटवरून उतरव. आदल्या दिवशी मैत्रिणीला कॉल लावून रेकॉर्ड कर आणि डोळे मिटून ऐक. प्रश्न संपला की मनात एक आकडा मोज, मग 'हो, सांगते' म्हण, मग उत्तर दे. स्वतःची खिडकी बंद करून टाक. आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांग, की माझ्याकडे आवाज थोडा उशिरा पोचतोय, तर उत्तराला क्षणभर लागेल. हे शेवटचं तिला पटत नव्हतं. तक्रार वाटेल म्हणाली. मी म्हटलं, रेडिओवर वीज गेली की आम्ही श्रोत्यांना 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' म्हणायचो, 'आमचा आत्मविश्वास कमी आहे' असं नाही म्हणायचो.

उरला परीक्षकांच्या बाजूचा भाग. तो मला भाचीकडून करून घेता येत नाही. कोऱ्या शेरापत्रकाची एक प्रत तिनं मला आणून दिली. त्यात रकाने आहेत: हास्य, पेहराव, बैठक, नजर, उच्चार, ऊर्जा. मी त्याखाली पेनानं तीन ओळी आखल्या. उमेदवाराचा आवाज स्वच्छ येत होता का? विलंब किती होता? परीक्षकांपैकी कुणी मधून मधून प्रतिसाद दिला का? खाली सही केली, पत्रकाचा फोटो काढला आणि त्या संस्थेला पाठवून दिला. दोन निळ्या टिका लगेच आल्या. त्याला आता सतरा दिवस झाले. पलीकडून हुंकारा नाही.